साहेबांचा निसटलेला मासा

१

संतोष राठोडला धरणाबाहेर काढलं ते माशांसाठी लावलेल्या जाळ्यातून. सिद्धेश्वरच्या पाण्यात सकाळी चार माणसं जाळं ओढत होती. जाळं जड लागलं तसे चौघं खूश झाले, मोठा कटला असणार म्हणून त्यांनी जोर लावला, आणि मग पुढच्याने हातातलं जाळं सोडूनच दिलं. तेवीस वर्षांचं पोरगं होतं. अंगावर फक्त चड्डी होती आणि उजवा तळवा मधोमध फाटलेला होता.

फौजदारांनी अर्ध्या तासात सगळं उरकलं. पोरगा दारू प्याला, पाण्यात उतरला, बुडाला. तळवा माशांनी खाल्ला. तो ज्या बोटीवर कामाला होता ती त्याच्या बापाची, थावराची. प्यालेल्या माणसाला पाण्यात जाऊ दिलं म्हणून निष्काळजीपणाचा गुन्हा बापावर. दुपारी औंढ्याहून गाडी आली की प्रेत जाणार, बोटीला सील लागणार आणि थावरा आत जाणार. मेलेल्याला दारुडा ठरवायचं आणि त्याच्या बापाला आरोपी करायचं, इतका सोयीचा निकाल फार दिवसांत कुणी लावला नसेल.

संतोषची आई रुख्मिणीबाई प्रेतापाशी बसली नाही. ती तडक शेताकडे चालत गेली. तिथं साखऱ्याच्या उकंडरावांची मेंढरं खतासाठी बसवलेली होती. उकंडराव म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेले जमादार. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या अकरा बदल्या झाल्या, कारण राग कायम नाकावर आणि जीभ त्या रागाच्या ताब्यात. निवृत्तीनंतर त्यांनी वाडवडलांची मेंढरं पुन्हा हाती घेतली. मेंढरांवर मात्र त्यांनी कधी आवाज चढवला नाही, आणि हीच त्यांच्या बायकोची तक्रार होती.

"जमादार," रुख्मिणीबाई म्हणाली, "माझं लेकरू दारूला शिवत नव्हतं. पाण्यातच वाढलेलं लेकरू पाण्यात काहून बुडल? तुमी या अन् बघा. मंग मी रडते."

उकंडरावांनी काठी उचलली आणि तिच्या मागोमाग निघाले.

काठावरच्या लिंबाखाली संतोषला गोधडीवर ठेवलं होतं. थावरा बाजूला उकिडवा बसून पाण्याकडे बघत होता. फौजदार एके काळी उकंडरावांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे त्यांनी अडवलं नाही. पण जमादार आता नसती उठाठेव करणार हे ओळखून त्यांनी घड्याळात बघितलं.

उकंडरावांनी तो फाटलेला हात मांडीवर घेतला. लहानपणी त्यांच्या गावात एक खोड होती. रोगानं मेंढरू मेलं की काही लोक खिळ्यानं त्याच्या गळ्यावर दातांच्या खुणा करायचे आणि लांडग्यानं मारलं म्हणून भरपाई मागायचे. उकंडरावांचे वडील पंच म्हणून जायचे. ते बाकी काही विचारायचे नाहीत, फक्त जखमेची कातडी उलटून बघायचे. जितेपणी चावलं असेल तर कातडीखाली रक्त साकळून काळं झालेलं असतं. मेल्यावर भोसकलं तर आतलं मांस पांढरं राहतं. पाण्यानं वरचं रक्त धुतलं जाईल, आतलं साकळलेलं जात नाही.

त्यांनी तळव्याची कातडी अंगठ्यानं उलटली. आत काळंनिळं होतं.

"फौजदार, मासे मेलेल्याला खातात. हा हात जित्या माणसाचा फाटलाय," उकंडराव म्हणाले. मग त्यांनी फाटलेल्या कडेला असलेलं एक बारीक गोल भोक बोटानं दाखवलं. "अन् ही सुरुवात गळाची हाय."

२

उकंडरावांना दुपारपर्यंतचा वेळ मिळाला. तोही फौजदारांनी उपकार केल्यासारखा दिला.

बोटीची हकिकत अशी. थावराची ती बोट मोठी होती, डिझेल इंजिनाची, वर पत्र्याचं छत असलेली. नागनाथाला आलेल्या यात्रेकरूंना तो धरणात फिरवून आणायचा. ती बोट औंढ्यात लॉज चालवणाऱ्या शिवप्रसादनं तीन दिवसांसाठी ठरवली. मुंबईहून कारेगावकर साहेब येणार होते. धरणावर मासेमारीच्या सहलींचं केंद्र काढायला कुणाला परवानगी द्यायची, हे त्यांच्या सहीवर होतं, आणि ती परवानगी शिवप्रसादला हवी होती. साहेबांना स्वतःला गळानं मासे धरायचा नाद. समुद्रात बोट भाड्यानं घेऊन चार-चार, पाच-पाच दिवस पाण्यावरच राहायचं, तसंच त्यांना इथंही हवं होतं. तीन दिवस जमिनीला पाय लावायचा नाही, अशी त्यांची अट होती.

बोटीवर साहेब, शिवप्रसाद, स्वयंपाकी हनुमान, हिंगोलीच्या पेपरची फोटोवाली दिपाली, इंजिनावर थावरा आणि हाताखाली संतोष, एवढी माणसं होती. पहिल्या दिवशी साहेबांना चौदा किलोचा कटला मिळाला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याहून मोठा मासा लागला आणि निसटला. तिसऱ्या दिवशी संतोष जाळ्यात आला.

साहेब धरणावरच्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चहा पीत बसले होते. मुलाच्या मरणाचं त्यांना वाईट वाटत होतं, पण सहल अर्धवट राहिल्याचं जास्त वाटत होतं, आणि ते लपवायची तसदीही ते घेत नव्हते. उकंडरावांच्या तळपायाची आग तेव्हाच मस्तकात गेली होती. तरी त्यांनी आवाज खाली ठेवून निसटलेल्या माशाबद्दल विचारलं.

साहेबांची कळी खुलली. अंदमानच्या समुद्रात याच काठीनं आणि याच दोऱ्यानं त्यांनी माणसाच्या उंचीचे मासे ओढले होते. धरणात असलं काही भेटेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"सतरा मिनिटं झुंजलो, जमादार, घड्याळ लावून," ते म्हणाले. "पहिली दोन-तीन मिनिटं त्यानं जे काही हिसके दिले! मग तळाला जाऊन बसला, जागचा हलेना. आणि शेवटी दोरा तुटला. तो मासा अजून त्या पाण्यात आहे."

उकंडराव काठी टेकून पुढं झाले. त्यांनी विचारलं की समुद्रातले मासे ओढणारा दोरा धरणात तुटला कसा. साहेब म्हणाले, आश्चर्य त्यांनाही वाटलं, पण पाण्यात बुडालेल्या झाडाला घासून तुटला असावा असं शिवप्रसादनं सांगितलं. मग झाडापाशी गळ टाकलाच कशाला, असं उकंडरावांनी विचारलं. गळवाला माणूस बुडालेल्या झाडांपासून चार हात लांब राहतो, एवढं तर तांड्यातल्या लेकरांनाही माहीत होतं.

साहेब जरा चिडले. हे त्यांनाही कळतं होतं. पण मासे तिथंच जमतात असं शिवप्रसाद दोन्ही दिवस म्हणत राहिला, आणि पहिल्या दिवशी तिथंच कटला लागला, मग कोण नाही म्हणेल? संतोषबद्दल मात्र त्यांना काहीच सांगता येईना. तो त्या वेळी बोटीवर नव्हता. शिवप्रसादनं त्याला पहाटे सगळे झोपेत असताना डोंगीनं काठावर पाठवून, आपली मोटारसायकल देऊन, औंढ्याला बर्फ आणायला धाडलं होतं; सकाळी दहाला साहेबांनी चौकशी केली तेव्हा त्यांना हे कळलं.

"हे कोण म्हणलं?" उकंडरावांनी विचारलं.

"शिवप्रसादच," साहेब म्हणाले.

३

बोट काठाला बांधलेली होती. हनुमान चुलीपाशी भांडी घासत होता, आणि उकंडरावांना बघून त्याच्या हातातलं पातेलं निसटलं. संतोष दारू प्याला होता ही जबानी फौजदारांना यानंच दिली होती. शिवाय पहिल्या दिवशी संतोषची आणि याची साहेबांच्या बाटलीवरून बाचाबाची झाली होती. गुन्हेगार शोधायला निघालेल्या माणसाला इतका तयार माल सहसा मिळत नाही.

उकंडराव त्याच्यासमोर बसले आणि काही न बोलता बघत राहिले. नोकरीत हा त्यांचा एकच उपाय होता आणि तो बहुतेकदा लागू पडायचा. दोन मिनिटांत हनुमान रडायला लागला.

"जमादार, सायबाची बाटली मी प्यालो," तो म्हणाला. "संतोषनं बघितलं व्हतं, पण त्यानं कुनाला सांगितलं न्हाई. फकस्त मला बोलला, अशानं नोकरी जाईल म्हणून. मंग तो मेला, अन् शिवप्रसाद शेट म्हणले, बाटली अर्धी झाली ती त्यानंच पेली म्हणून सांग. मी सांगितलं."

ज्या पोरानं याला वाचवलं त्याच्याच नावावर यानं दारू लिहून दिली होती. उकंडरावांना त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. पण हनुमान अजून उपयोगाचा होता, म्हणून त्यांनी हात आवरला. काल दुपारी मासा लागला तेव्हा कोण कुठं होतं, एवढंच विचारलं.

हनुमान म्हणाला, साहेब मधल्या बाकावर, दोन्ही हात काठीवर. थावरा मागं इंजिनावर. फोटोवाली बाई साहेबांच्या समोर. शिवप्रसाद पुढच्या टोकाला. तो स्वतः चुलीपाशी होता, कांदा चिरायचा होता आणि नेमकी सुरी सापडत नव्हती. ती नंतर बोटीच्या पुढच्या टोकाला पडलेली मिळाली. कुणी नेली ते त्याला ठाऊक नव्हतं.

उकंडरावांनी बर्फाची पेटी उघडायला लावली. पहिल्या दिवसाचा तो चौदा किलोचा कटला आत पडला होता. याच माशासोबतचा साहेबांचा फोटो पेपरात छापून आला होता. त्यांनी मासा बाहेर काढून फळीवर ठेवला. डोक्याच्या मागं, अंगाभोवती गोल, खवले घासून गेलेले होते. असा पट्टा उठतो तो जाळ्याच्या दोऱ्यात मासा अडकला की, गळाला लागलेल्या माशाला तो नसतो. मग त्यांनी ओठातलं गळाचं भोक बघितलं. सुरीनं त्याच्या कडेची कातडी उचलली. आतलं मांस स्वच्छ पांढरं होतं, कुठं रक्ताचा डाग नव्हता.

"हनुमान," उकंडराव म्हणाले, "मेलेल्या माशाला भूक लागलेली तू कधी पाह्यलीस का?"

हनुमानला काहीच कळलं नाही. उकंडरावांना मात्र बरंचसं कळलं होतं.

४

दिपाली विश्रामगृहाच्या पायरीवर बसली होती. पेपरच्या कचेरीनं तिला दोन महिन्यांपूर्वी डिजिटल कॅमेरा दिला होता आणि तो ती पोटाशी धरून बसली होती. तिला सकाळपासून कुणी काही विचारलं नव्हतं. तिनं स्वतः फौजदारांना फोटो दाखवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी तिला चहा सांगितला होता.

"काका, मला काहीतरी चुकतंय असं वाटून राहिलं, पण काय ते समजत न्हाई," ती म्हणाली, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर एकेक फोटो दाखवू लागली.

फोटोंवर वेळ होती. बारा दहाला साहेबांची काठी वाकलेली. बारा अकरा, बारा बारा, साहेब मागं रेललेले, घामाघूम, तोंडावर आनंद. हनुमान झारा हातात घेऊन उभा. हे सगळे दोरा पाण्यात जातो तिकडं बघत होते. फक्त शिवप्रसाद तिकडं बघत नव्हता. तो पुढच्या टोकाला उभा राहून बुडालेल्या बाभळीच्या पलीकडं, रिकाम्या पाण्याकडं बघत होता. बारा चौदा, तिकडंच. बारा एकोणीस, तिकडंच. शेवटचा फोटो बारा सत्तावीसचा होता: काठी सरळ झालेली, साहेब बाकावर कोलमडलेले, आणि शिवप्रसाद गुडघ्यावर बसून एक हात बोटीबाहेर काढलेला. हातात काय आहे ते दिसत नव्हतं.

उकंडरावांनी परत पहिल्या फोटोवर यायला सांगितलं. तो लांबून, जरा उंचावरून घेतलेला होता, त्यासाठी दिपाली बाकावर चढली होती. पत्र्याच्या छताची कड त्यात आली होती, आणि छतावर एक निळा सदरा घडी करून ठेवलेला दिसत होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर चपलांचा जोड ठेवला होता.

"हा सदरा कुनाचा?"

"संतोषचा," दिपाली म्हणाली. मग तिनं कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. "पण तो तर बर्फ आणायला गेला होता."

उघड्या अंगानं आणि अनवाणी, मोटारसायकलवर, औंढ्याच्या बाजारात. शिवप्रसादनं ती थाप मारली तेव्हा संतोष मेलेला नव्हता, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मरणाच्या आधीच ज्याच्या गैरहजेरीचं कारण तयार केलं जातं, तो माणूस कुठंतरी लपवलेला असतो. कुठं लपवला होता ते बघायला आता पाण्यातच जावं लागणार होतं, आणि पाण्यात न्यायला थावराशिवाय कुणी नव्हतं.

५

थावरानं लहान डोंगी वल्हवत नेली. होळी चार दिवसांवर होती, कालव्याला पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे धरणाची पातळी कालपासून वीतभर उतरली होती. बाभळीची काल खोल असलेली एक आडवी फांदी आज पाण्याखाली दिसत होती, डोंगीतून वाकलं की हाताला लागत होती.

फांदीखालून जाऊन, तिला एक वेढा घालून, जाड हिरवा दोरा लोंबत होता. त्याच्या टोकाचा तीन तोंडांचा गळ फांदीच्या सालीत रुतला होता. जवळच, खोडाला सुतळीनं बांधलेला दुसरा एक मेलेला कटला उलटा तरंगत होता. तो साहेबांना मिळायचा होता.

थावरानं वल्हं मांडीवर घेतलं. "जमादार, हा दोरा सायबाचा," तो म्हणाला.

"व्हय."

उकंडरावांनी दोऱ्याचं दुसरं टोक पाण्यातून ओढून घेतलं. ताणून तुटलेल्या नायलॉनचं टोक बारीक होऊन मुरडतं. हे टोक सरळ होतं, सुरीनं कापलेलं. आणि दोरा लांब होता. काल बोट जिथं उभी होती तिथं बांधायचा बांबू अजून रोवलेला होता. उकंडरावांनी थावराला तिकडं वल्हवायला सांगितलं आणि दोरा हातातून सोडत गेले. बांबूजवळ आल्यावर दोरा संपला.

म्हणजे तो झाडाला घासून तुटला नव्हता. तो बोटीच्या अगदी तोंडाशी कापला गेला होता. साहेबांच्या काठीचं टोक बाहेर चार हात लांब, त्यांचे दोन्ही हात काठीवर. दिपालीच्या हातात कॅमेरा. हनुमान चुलीपाशी सुरी शोधत होता. आणि थावरा मागं होता.

उकंडरावांनी थावराकडं बघितलं. थावरा त्या फांदीकडं बघत होता, आणि तिच्यावरून बांबूपर्यंतची रेघ नजरेनं मोजत होता. तो इंजिनावरचा माणूस होता. उकंडरावांना त्याच वेळी आणखी एक गोष्ट कळली, जी त्यांनी विचारली नव्हती आणि विचारणारही नव्हते. त्यांनी दोरा गोळा केला आणि परत चल म्हणून सांगितलं.

६

गाडी आली होती. व्हरांड्यात सगळे होते: साहेब, फौजदार, दिपाली, हनुमान, खाली अंगणात थावरा. शिवप्रसाद धावपळ करत होता, ड्रायव्हरला पाणी दे, साहेबांना खुर्ची दे. तो नात्यानं उकंडरावांचा लांबचा भाचा, साखऱ्याचाच, मेंढरांमागं लहानाचा मोठा झालेला. त्यामुळे उकंडरावांचा राग दुप्पट झाला होता.

"मामा, कशाला ताप करून घेऊन राहिले या वयात," शिवप्रसाद म्हणाला. "झालं ते वाईटच झालं."

उकंडरावांनी टेबलावर कटला ठेवला, शेजारी गळ आणि दोरा ठेवला. मग ते साहेबांकडं वळले आणि सगळं एका दमात सांगितलं. साहेबांनी पहिल्या दिवशी धरलेला हा मासा त्यांनी धरलेला नव्हताच. तो जाळ्यात मेलेला मासा होता. झाडामागं लपलेल्या संतोषनं बुडी मारून तो साहेबांच्या गळाला अडकवला, हिसका दिला आणि झाडीतून निघून गेला. म्हणून गळ झाडापाशीच टाकायचा होता. साहेब खूश झाले, पेपरात फोटो आला. दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा मासा खोडाला बांधून तयार ठेवला होता. संतोषनं बुडी मारली, गळ हातात घेतला, आणि मासा लावायच्या आधीच साहेबांना वाटलं की चावलं. त्यांनी काठी हिसडली. गळ तळव्यात घुसला आणि दोरा फांदीखालून गेला. साहेब जितकं ओढत होते तितका संतोष त्या फांदीकडं खाली खेचला जात होता.

साहेब उठून उभे राहिले. "म्हणजे माझ्या गळाला…" ते म्हणाले आणि टेबलावरच्या गळापासून एक पाऊल मागं सरले.

शिवप्रसाद म्हणाला की हे सगळं जमादारांच्या डोक्यातून निघालेलं आहे. दोरा हनुमानानं कापला असेल, सुरी त्याचीच. संतोष बर्फाला गेला होता, वाटेत पिऊन पाण्यात उतरला असेल, त्याला काय माहीत?

उकंडरावांनी दिपालीला कॅमेरा पुढं करायला सांगितलं. फौजदारांनी यावेळी चहा सांगितला नाही. त्यांनी छतावरचा सदरा बघितला, चपला बघितल्या, आणि बारा चौदाला, बारा एकोणीसला रिकाम्या पाण्याकडं बघणारा शिवप्रसाद बघितला.

"सगळे मासा बघून राहिले व्हते. तू काय बघत व्हतास?" उकंडरावांनी विचारलं. "तो झाडामागून वर येतो का ते बघत व्हतास. एका मिनिटात तुला कळलं तो आला न्हाई. तिथून पुढं सोळा मिनिटं तू तिथं उभा व्हतास. एक शब्द वरडला असतास तर सायबांनी दोरा सोडला असता. का न्हाई वरडलास?"

शिवप्रसाद अगदी सरळ आवाजात बोलला, जणू त्यात न समजण्यासारखं काही नव्हतंच. "मामा, सायबांच्या तोंडावर कसं सांगू, मासा मीच लावून राहिलो म्हणून? परवानगी गेली असती. मला वाटलं, तो सुटंल. चांगला पोहणारा व्हता. न्हाई सुटला तेव्हा मी कापलाच की दोरा."

"सोळा मिनिटांनी," उकंडराव म्हणाले. काठी त्यांच्या हातात वर गेली ती त्यांनाही कळली नाही. फौजदारांनी मधे येऊन ती धरली. उकंडरावांनी आयुष्यात इतक्या शिव्या एका जागी दिल्या नव्हत्या. त्या त्यांनी शिवप्रसादला दिल्या, हनुमानला दिल्या, आणि सह्या करणाऱ्यांना खूश करायला माणसं पाण्याखाली पाठवणाऱ्या सगळ्या जमातीला दिल्या. साहेबांनीही त्या खाली मान घालून ऐकून घेतल्या.

शेवटी फौजदारांनी सकाळचा कागद फाडला. थावराचं नाव आरोपीतून गेलं, संतोषच्या नावापुढची दारू गेली. नवा कागद लिहायला घेतला. शिवप्रसाद शिपायाच्या शेजारी बसला. लिहिता लिहिता फौजदारांनी विचारलं की गळ तर तळव्यात घुसला होता, मग तळवा असा मधोमध फाटला कसा.

"वढाताणीत," उकंडराव चटकन म्हणाले. "तेवढंच लिहा."

"वढाताणीत न्हाई," अंगणातून थावरा म्हणाला. तो पायरीपर्यंत आला होता. "इंजिनानं फाटला. मासा तळाला बसला तवा सायेब म्हणले, बोट मागं घे. मी घेतली. दोनदा घेतली. अन् सोडू नका सायेब, असंबी मीच म्हणलो व्हतो. लिहा."

उकंडराव त्याच्यावर भडकले. सगळा राग शिवप्रसादवर निघूनही त्यांच्यात अजून शिल्लक होता. ते म्हणाले, याची काही गरज नाही, गुन्ह्याशी याचा संबंध नाही, तुला काही ठाऊक नव्हतं, गप बस आणि पोराला घेऊन घरी जा.

"गुन्ह्यासाठी न्हाई, जमादार," थावरा म्हणाला. "कागदावर आलं म्हणजे कुनीतरी त्याच्या आईला वाचून दाखवल. माझ्या तोंडानं ते तिला सांगणं व्हणार न्हाई."

फौजदारांनी उकंडरावांकडं बघितलं. उकंडरावांनी लिहा म्हणून मान हलवली, आणि फौजदारांनी ते लिहून घेतलं.